विमानातल्या घड्याळाची बारा मिनिटं

चिरंजीव भावजींना वहिनीचे आशीर्वाद, आणि तुमच्या घरात जे कोणी अजून तुमचं ऐकून घेत असतील त्यांनाही.

(तुमचा पुतण्या, म्हणजे माझा लेक, लिहायला बसला आहे. मी सांगते, तो लिहितो. मायना काय घालू, 'प्रिय' की 'चिरंजीव', असं विचारत होता. म्हटलं, चिरंजीवच घाल. त्यांना अजून काही दिवस जगायला हवंय, माझं एक काम आहे त्यांच्याकडे.)

तब्येत कशी आहे? गुडघे, साखर, डोळे आणि उजव्या कुशीवर झोपलं की लागणारी ती ढास, सगळ्यांची वेगवेगळी चौकशी केली असं समजा. एकेकाची करत बसले तर पुतण्याचा हात दुखेल आणि तो निम्मं गाळेल. माझं म्हणाल तर दात सोडून सगळं जागेवर आहे, आणि दात पेल्यात असतात म्हणजे तेही जागेवरच. कान उत्तम आहेत. या घरातली मुख्य अडचण ती आहे. हे गेल्याला सहा वर्षं झाली, त्या सहा वर्षांत तुमचे दोन फोन आले आणि दोन्ही चुकून लागले होते. पुतण्या म्हणतो, एवढं मोठं पत्र कशाला, मी लावून देतो फोन, बोल की. पण फोनवर माणसाला 'आवाज येत नाहीये वहिनी' असं म्हणता येतं. कागदाला तसं म्हणता येत नाही. म्हणून कागद.

तर घड्याळ बंद पडलं. कुठलं म्हणून विचारू नका, या घरात घड्याळ एकच, बाकीची भिंतीला टांगलेली ताटं. आठ दिवसांतून एकदा चावी मागणारं, काळ्या तबकडीचं, हिरवट काट्यांचं, डाव्या अंगाला खाली चावीची लाल गुंडी असलेलं ते विमानातलं घड्याळ. सात महिन्यांपूर्वी सूनबाई खोली झाडत होती, झाडूचा दांडा लागला आणि ते फडताळावरून खाली आलं. विमानातून कधी पडलं नाही ते फडताळावरून पडलं. (मी तिला एका शब्दाने बोलले नाही. रोज सकाळी फक्त एकदा घड्याळाकडे बघते आणि एकदा तिच्याकडे.)

मला अक्षर येत नाही तसा आकडाही येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही दुसरीत असताना मला पाटीवर शिकवायला निघाला होतात आणि मी तुमच्या पाटीवर कणीक मळून ठेवली होती. पण यांनी मला वेळ शिकवली. आकड्यावाचून शिकवली, त्या गुंडीवरून. छोटा काटा लाल गुंडीला टेकला की पुतण्याची निघायची वेळ. गुंडीपासून दोन बोटं वर चढला की नळाचं पाणी जायची वेळ. सरळ खाली लोंबला की हे घरी यायची वेळ. बाकीच्या घड्याळांना गुंडीच नसते, त्यामुळे मला ती सगळी आंधळी वाटतात. आणि आता सात महिने मी दुसऱ्यांच्या सांगण्यावर जगते आहे. मला गोळी द्यायची असली की आठ वाजतात. पाहुणे यायचे असले की माझी फिरायला जायची वेळ होते. त्यांना टीव्हीवर काही बघायचं असलं की साडेनऊ वाजतात, म्हणजे म्हातारीने पडावं. परवा मी साडेनऊला पडले, तर खिडकीतून समोरच्या घरातल्या मुली दोरीवरच्या उड्या मारताना दिसत होत्या. विचारलं, तर सूनबाई म्हणाली, 'हल्ली उशिरापर्यंत खेळतात हो.' उन्हात! भावजी, माणसाचे डोळे जातात, पाय जातात, ते मी सहन केलं असतं. पण आपल्या दिवसात आत्ता कुठे आहोत हे दुसऱ्याला विचारायचं, आणि त्याने आपली सोय बघून उत्तर द्यायचं, हे फार खाली बसणं झालं.

पुतण्या म्हणतो, भंगारात दे. (हो, लिही. मी तुझंच सांगते आहे. 'भंगारात दे' असंच म्हणालास.) त्याचा त्या घड्याळावर राग का, हे तुम्हाला सांगायला नको, पण त्याच्या हाताने एकदा लिहिलं जावं म्हणून सांगते. एकेचाळीस वर्षांपूर्वी तुम्ही दोघे भाऊ विमानतळाच्या वर्कशॉपात, उपकरणांच्या खोलीत एकाच लांब टेबलाशी बसायचात. हे मुख्य, तुम्ही हाताखाली. हे घड्याळ तिथे साफ होऊन एका विमानात बसलं. विमान वर थंडीत गेलं, तिथे घड्याळ मध्येच बारा मिनिटं झोपलं आणि पुन्हा जागं झालं. वैमानिक घड्याळ बघून इंधन किती उरलं ते ठरवत होता. बारा मिनिटांचं इंधन नव्हतंच. विमान एका शेतात उतरलं, उतरलं कसलं, बसलं. वैमानिकाचं गळ्याजवळचं हाड मोडलं, बाकी कोणाला ओरखडा नाही. चौकशी बसली. घड्याळ साफ केल्याची नोंद वहीत, नोंदीपुढे सही यांची. विचारल्यावर हे म्हणाले, 'सही माझी आहे.' एवढंच म्हणाले. घरी येऊनसुद्धा मला एवढंच म्हणाले.

मग यांना टेबलावरून उठवून स्टोअरच्या खिडकीत बसवलं. ज्या माणसाला केसाएवढी कमानी डोळे मिटून सरळ करता यायची, त्याने पुढची सगळी नोकरी खिडकीतून नटबोल्ट मोजून देण्यात काढली. टेबल तुम्हाला मिळालं, आणि पुढे खोलीही. यांच्या मागे लोक 'बारा मिनिटं आले' म्हणायचे, आणि तुमचा हा पुतण्या नऊ वर्षांचा, शाळेत त्याचं नावच 'बारा मिनिटं' पडलं. तेव्हापासून हा सगळीकडे आधी पोचतो. स्वतःच्या लग्नात हॉल उघडणारा माणूस यायच्या आत हा पायरीवर बसला होता. आज पन्नाशीला आला, ऑफिसात अजून झाडलोट चालू असते तेव्हा हा जाऊन उभा. (नाक मुरडू नकोस. लिही.) आणि मी काय केलं? मी त्या वैमानिकाला शिव्या दिल्या. रोज. घड्याळ नीटच होतं, त्यानेच नीट बघितलं नसणार, अशी माझी खात्री होती. चाळीस वर्षं त्याच्या दुसऱ्या हाडावर माझा डोळा होता.

ते घड्याळ पुराव्याचं म्हणून चिठ्ठी बांधून त्याच स्टोअरच्या फळीवर ठेवलेलं. म्हणजे हे खाली आणि ते वर, असे दोघे नऊ वर्षं एका खोलीत शिक्षा भोगत होते. निकामी सामान निकालात निघालं तेव्हा यांनी ते मागून घेतलं, घरी आणलं, उघडलं, पुसलं, आणि तेव्हापासून ते एक मिनिट इकडचं तिकडे झालं नाही. मी म्हणायचे, बघा, घड्याळ शहाणंच होतं. हे हसायचे. यांचं ते हसणं मला कळायचं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीला मी 'स्वभाव' म्हणून सोडून द्यायचे. संसारात तसं पुष्कळ सोडावं लागतं.

तर असं घड्याळ दुरुस्तीला न्यायचं. कोपऱ्यावरचा घड्याळजी आठवतो? त्याचा मुलगा बसतो आता. चांगला आहे पोरगा, पण तो फक्त सेल बदलतो. त्याने आमचं घड्याळ उलटं केलं, सुलटं केलं, भिंगातून पाहिलं, बराच वेळ बोटांनी चाचपलं आणि शेवटी मला विचारलं, 'आजी, याला सेल टाकतात कुठून?' मी म्हटलं, वरून, तोंड उघडलं की. तेव्हा रुसला. मग पुतण्या मला त्या काचेच्या मोठ्या दुकानात घेऊन गेला, जिथे इतकं थंड असतं की घड्याळं नासू नयेत म्हणून ठेवली असावीत. (उघडायच्या आधी पोचलो होतो, हे सांगायला नकोच.) तिथली मुलगी फार गोड बोलली. वॉरंटी कार्ड आहे का, म्हणाली. म्हटलं, बाई, याची वॉरंटी देणारा माणूस सहा वर्षांपूर्वी गेला. तिने 'सॉरी' म्हणून तेसुद्धा फॉर्मवर लिहून घेतलं. मग म्हणाली, आम्ही फक्त आमच्याच कंपनीचं घेतो. मला वाटलं, एवढं बोलायला एवढं मोठं दुकान लागतं!

मधल्या काळात पुतण्याने फोनवर शोधाशोध केली (आपणहून नाही, मी जेवायची थांबले तेव्हा). कुठल्या तरी दूरदेशच्या माणसाकडे याच घड्याळाचं आतलं आख्खं यंत्र आहे असं कळलं, फोटो आला, होकार गेला, सहा आठवड्यांनी डबी आली. डबीत दुसऱ्याच घड्याळाची गुंडी. लाल सुद्धा नव्हती. ती मी जपून ठेवली आहे. कोणी फार शहाणपणा करायला लागलं की त्याला दाखवते.

मग एक संग्रहवाले गृहस्थ आले. विमानातल्या जुन्या वस्तू जमवतात, घरी म्हणे आख्खी भिंत आहे. त्यांनी घड्याळाची इतकी स्तुती केली की मला वाटलं, हे आता त्याला मागणी घालणार. तसंच झालं. पण त्याआधी त्यांनी खिशातून एक यंत्र काढलं, काट्यांजवळ धरलं, तर ते यंत्र टिकटिक करायला लागलं. आमचं घड्याळ गप्प आणि त्यांच्या खिशातलं चालू! म्हणाले, काट्यांच्या हिरव्या रंगात रेडियम आहे, घरात ठेवणं धोक्याचं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांनी. सूनबाईने तिथल्या तिथे पदर नाकाला लावला. मी विचारलं, मग तुम्ही कुठे ठेवणार? म्हणाले, बैठकीच्या खोलीत, सोफ्याच्या वर. म्हटलं, तुमच्या घरात म्हातारं कोणी नाही वाटतं. तर म्हणाले, आई आहे. भावजी, त्या बाईला मी न बघता ओळखते. त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

जुन्या विमानांचं लोखंड घेणारा एक भंगारवाला गावाबाहेर आहे, तिथेही जाऊन आले. पंखांचे तुकडे, खुर्च्या, चाकं, आणि एका टोपलीत मेलेली उपकरणं, सगळी डोळे फुटलेली. तो भला माणूस. म्हणाला, असलं घड्याळ एक पडलेलं आहे कुठेतरी, काच नाही, काटे नाहीत, शोधून ठेवतो. सगळेच शोधून ठेवतो म्हणतात.

आणि मग थरथऱ्या भेटला. हे काही मी ठेवलेलं नाव नाही, बाजारात सगळे त्याला तेच म्हणतात आणि तोही ओ देतो. जिन्याखालची खोली, दिव्याखाली एक टेबल, टेबलाला कडेने पट्टी ठोकलेली, म्हणजे निसटलेला स्क्रू जमिनीवर जाऊ नये. तुमच्या टेबलाला होती तशीच. ऐंशीच्या घरातला माणूस. कप उचलला की बशीवर नगारा वाजतो. मी मनात म्हटलं, झालं कल्याण. पण त्याने डोळ्याला भिंग लावलं, चिमटा उचलला, आणि हात असा थांबला, जसा यांचा थांबायचा. मी जरा दुसरीकडे बघितलं. त्याने मागचं झाकण फिरवून काढलं, आत बघितलं आणि म्हणाला, 'आई, याच्या बॅलन्सची मधली दांडी मोडली आहे. हे चाक पुढेमागे ज्याच्यावर हलतं ती. तुमच्या पांढऱ्या केसाएवढी असते. ती मिळाली तर हे आणखी पन्नास वर्षं चालेल. नाही मिळाली तर हे फार सुरेख झाकण आहे.'

मी म्हटलं, झाकणात काय सुरेख? तर म्हणाला, 'किती हातांचं काम आहे बघा.' आणि झाकण दिव्याखाली माझ्यापुढे धरलं. आतल्या बाजूने, भावजी. घड्याळ उघडणारा प्रत्येक कारागीर आत आपली खूण आणि तारीख कोरून ठेवतो, ही तुम्हा लोकांची रीत मला ठाऊक नव्हती. यांनी मला कमानी कशी बसते ते सांगितलं, तेल किती सोडावं ते सांगितलं, आणि झाकणाच्या आत काय असतं हे तेवढं सांगितलं नाही.

(पुतण्या विचारतो आहे, हे कधी झालं, मला का नाही सांगितलंस. आत्ता सांगते आहे. लिही.)

खालच्या अंगाला एकाखाली एक तेरा खुणा. तीन रेघा, चिमणीच्या पायासारख्या. ती खूण मी ओळखते. आणि त्या तेरांच्या वर, जरा बाजूला, एकच खूण. छोटं वर्तुळ, आत टिंब. टिंब मधोमध नाही, डावीकडे सरकलेलं. थरथऱ्याला त्यात काही कळलं नाही, त्याला काय कळणार? साहेब लोकांनी चौकशीत घड्याळ उघडलं असेल, त्यांनाही काही कळलं नाही; साहेब लोक वही वाचतात. झाकण वाचायला माझ्यासारखी अडाणी लागते. तुम्हा दोघांचे जेवणाचे डबे सारखे होते, अदलाबदल होऊ नये म्हणून तुम्ही त्यांच्यावर आपापली खूण कोरली होती. चिमणीचा पाय तुमच्या दादांचा. वर्तुळ आणि सरकलेलं टिंब तुमचं. अकरा वर्षं ते दोन्ही डबे मी राखेने घासले आहेत. लोकांना अक्षरं येतात, मला तेवढी दोन येतात.

मी थरथऱ्याला तारखा वाचायला लावल्या. चिमणीचे पाय सगळे घरी आणल्यानंतरचे, दोन-दोन वर्षांच्या अंतराने, हे जायच्या आधीच्या वर्षापर्यंत. विमान पडण्याआधीचा एकही नाही. आणि त्या वर्तुळाची तारीख त्याने वाचली तेव्हा मला बोटं मोजावी लागली नाहीत. तुमच्या लग्नाच्या आधीचा चौथा दिवस. घड्याळ तुम्ही साफ केलं होतं. सही मुख्याची असते म्हणून वहीत यांची. खूण ज्याचा हात त्याची.

(इथून पुढे अक्षर बदललेलं दिसेल. पुतण्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, 'आई, वर्तुळ काय, कोणीही काढतं.' सूनबाईने मांडणीच्या वरच्या फळीवरून तुमचा जुना डबा काढून त्याच्यापुढे ठेवला, त्यात ती रबरबँडं ठेवते. त्याने डबा हातात घेतला, नखाने ते टिंब चाचपलं, आणि बाहेर जाऊन कठड्याशी उभा राहिला आहे. आता सूनबाई लिहिते आहे. तिचं अक्षर बरं आहे म्हणतात.)

तो दिवस मला पक्का आठवतो, कारण गडबड माझीच होती. शिंप्याने तुमच्या कोटाची बाही आखूड केली होती आणि तो चारच्या आत माप द्या म्हणून अडून बसला होता. मी वर्कशॉपात निरोपावर निरोप पाठवले, भावजींना सोडा, आजच्या आज सोडा. तुमच्या दादांनी तुम्हाला सोडलं असणार, म्हणाले असतील, हातातलं तेवढं बंद कर आणि जा. तुम्ही घाईत तेल जास्त सोडलंत. थरथऱ्या म्हणतो, जास्तीचं तेल थंडीत घट्ट होतं आणि घड्याळ झोपतं. कोट मात्र फार छान बसला होता. फोटोत दिसतो.

इथवर मी समजू शकते. हात सगळ्यांचाच चुकतो. पुढचं समजत नाही. लग्नानंतर पंधरा दिवसांनी चौकशी बसली. हे 'सही माझी आहे' म्हणाले तेव्हा तुम्ही त्याच खोलीत होतात. नवं लग्न झालेलं, तुमची नोकरी जाऊ नये म्हणून हे बोलले नाहीत, ते यांचं झालं. तुम्ही का बोलला नाहीत? त्या दिवशी नाही, समजा भीती वाटली. दुसऱ्या दिवशी? त्या वर्षी? बायको आल्यावर वेगळं बिऱ्हाड केलंत, पण एक रविवार आड माझ्याकडे जेवायला यायचात, आणि दर वेळी भिंतीकडे तोंड करून बसायचात, फडताळाकडे पाठ. मला वाटायचं, तुम्हाला फडताळाशेजारच्या खिडकीचा वारा सोसत नाही. मी उठून खिडकी लावायचे हो, भावजी! सव्वीस वर्षं मी तुमच्यासाठी खिडकी लावली.

आणि यांच्यावरचा राग कुठे नेऊ? हा माणूस दर दोन वर्षांनी झाकण उघडायचा, तुमचं वर्तुळ बघायचा, त्याच्याखाली आपला चिमणीचा पाय काढायचा आणि झाकण लावून टाकायचा. ते वर्तुळ खोडायला एक रेघ पुरली असती. खोडलंही नाही आणि कोणाला दाखवलंही नाही. स्वतःच्या पोराला 'बारा मिनिटं' म्हणतात हे ऐकून घेतलं, मला त्या बिचाऱ्या वैमानिकाला शिव्या देताना ऐकलं, आणि वरून हसले. भाऊ सांभाळला. चांगलं केलं. पण भाऊ सांभाळताना बायको-पोर कोणाच्या खर्चात टाकली, हे विचारायला आता माणूस नाही. ज्यांना विचारता येईल असे तुम्हीच उरलात. म्हणून सुरुवातीला चिरंजीव घालायला सांगितलं.

असो. हे गेले तेव्हा तुम्ही यांची सुट्या भागांची पत्र्याची पेटी 'दादाची आठवण' म्हणून घेऊन गेलात. तिच्यात कापसात गुंडाळलेल्या बॅलन्सच्या दांड्या आहेत, मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यातली एक पाठवावी, घड्याळ चालू होईल, ही विनंती. घरात सगळ्यांना आशीर्वाद. खाली उमटलाय तो अंगठा माझाच आहे. शाई लागली नाही म्हणून सूनबाईने काजळाचं बोट केलं.

तुमची,
वहिनी

ता. क. दांडी पाठवू नका, ते नुसतं निमित्त होतं. ती मिळाली. भंगारवाल्याने ते मेलेलं घड्याळ खरंच शोधून ठेवलं होतं, त्यातली दांडी थरथऱ्याने यात बसवली, आणि गेले दोन आठवडे घड्याळ त्याच्या टेबलावर एक मिनिट न चुकता चालतं आहे. झाकण मात्र मी त्याला घट्ट लावू दिलेलं नाही. काम आहे ते तुमच्याकडे. या. येताना पेटीतला तो कोरायचा टोच्या घेऊन या, नाही आणलात तरी चालेल. माफी मला नको, मी ती ठेवणार कुठे? पण झाकण मी वाचलं, तसं पुतण्याला वाचता येत नाही. तो शिकलेला आहे, त्याला वर्तुळ दिसतं. ते वर्तुळ कोणाचं, कधीचं, आणि त्या दिवशी कोणाचा हात होता, हे तुम्ही त्याला समोर बसून वाचून दाखवायचं. या खेपेला फडताळाकडे तोंड करून बसा. खिडकी मी उघडी ठेवणार आहे.

आणखी एक ता. क. सूनबाईने पेन वर धरलंय, म्हणते एक ओळ घातल्याशिवाय पाकीट चिकटवणार नाही. घालते. घड्याळ तिने पाडलं नाही. ती त्या दिवशी घरातच नव्हती, दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. आठव्या दिवशी चावी द्यायला मी स्टुलावर चढले, मला त्या दोघांनी सांगितलेलं होतं की चढू नकोस, आणि ते माझ्या हातून सुटलं. मी ते उचलून जागेवर ठेवलं, झाडू शेजारी आडवा टाकला, आणि ती आल्यावर नुसतं तिच्याकडे बघितलं. जायच्या आधी झाडताना तिनेच पाडलं असणार, हे पुढचं आपोआप झालं. पुतण्या तिच्यावर ओरडला, तेव्हा मी तिथेच बसले होते. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण झाडू ती खोलीत कधी आडवा टाकत नाही. सात महिने ती बोलली नाही. मला वाटतं, आठ वाजता गोळी आणि उन्हात साडेनऊ ही तिची परतफेड होती. तेव्हा भावजी, गप्प बसायला किती सोपं असतं हे मला ठाऊक नाही असं समजू नका. मी सात महिन्यांत थकले. तुम्ही एकेचाळीस वर्षं कसे बसलात, तेवढंही येताना सांगा.

पुतण्या कठड्यावरून आत आला आहे. डबा अजून हातातच आहे. पत्र मीच टाकतो म्हणतो. टपाल निघायला अजून तासभर आहे असं सूनबाई म्हणते, आणि आज ती खरं सांगत असावी. तो आत्ताच चपला घालून दारात उभा आहे.